वाचकांचे प्रश्न : आजीवन शिक्षण आणि प्रदेशाचे पुनरुज्जीवन

ज्या प्रदेशातील प्रमुख उद्योग बंद पडला, जेथील शेती परवडेनाशी झाली किंवा जेथून तरुण निघून गेले, असा प्रदेश पुन्हा उभा राहतो तेव्हा त्यात प्रौढांच्या शिक्षणाचा वाटा किती असतो, या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतील सात प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत, आणि ज्या पत्रांत प्रश्नापेक्षा संताप अधिक होता त्यांतील प्रश्न तेवढा उचलला आहे.

प्रश्न : रस्ते, पाणी, वीज आणि भांडवल यांनी प्रदेश वाढतो हे समजते. मोठ्या माणसांना शिकवल्याने एखादा प्रदेश सावरला असे म्हणणे मात्र मला भाबडेपणाचे वाटते. असे खरोखर कोठे घडले आहे काय?

उत्तर : घडले आहे, आणि त्याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण डेन्मार्कचे आहे. १८६४ च्या युद्धात प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्याकडून पराभूत झाल्यावर त्या देशाला श्लेस्विग आणि होल्स्टाइन हे मोठे प्रदेश गमवावे लागले. त्यानंतर दीडएक दशकातच अमेरिका आणि रशिया येथून येणाऱ्या स्वस्त धान्याने युरोपचे बाजार भरले आणि धान्य विकून जगणारा डॅनिश शेतकरी कोंडीत सापडला. इतर काही देशांनी आयातीवर जकात बसवून आपल्या शेतकऱ्यांना आडोसा दिला. डॅनिश शेतकऱ्यांनी मात्र धान्य विकणे कमी केले, ते जनावरांना घातले आणि लोणी व डुकराचे मांस ब्रिटनला निर्यात करण्यास सुरुवात केली. हा बदल एकेकट्याने करण्यासारखा नव्हता. दुधातील मलई वेगाने वेगळी करणारे यंत्र १८७० च्या दशकाच्या अखेरीस उपलब्ध झाले होते, परंतु दोनचार गायी बाळगणाऱ्याला ते घेणे शक्य नव्हते. १८८२ मध्ये पश्चिम जटलंडमधील येडिंग या गावी शेतकऱ्यांनी पहिली सहकारी दुग्धशाळा काढली, आणि पुढील काही वर्षांत देशभर अशा शेकडो दुग्धशाळा उभ्या राहिल्या. गायी किती आहेत हे न पाहता प्रत्येक सभासदाला एकच मत, हा त्यांचा नियम होता.

या दुग्धशाळांच्या कारभारात पुढाकार घेणाऱ्यांपैकी अनेक जण लोकविद्यालयांतून गेलेले होते. धर्मोपदेशक आणि कवी ग्रुंटविग यांच्या विचारातून पहिले लोकविद्यालय १८४४ मध्ये रोडिंग येथे सुरू झाले होते, आणि क्रिस्टेन कोल्ड या शिक्षकाने १८५१ पासून ती कल्पना सामान्य शेतकरी कुटुंबांपर्यंत नेली. शाळा सुटून काही वर्षे शेतात राबलेले तरुण हिवाळ्यात, कामे थांबलेली असताना, काही महिने तेथे राहण्यास येत. तरुणींसाठी उन्हाळ्यात वर्ग असत. परीक्षा नव्हती आणि प्रमाणपत्रही नव्हते. इतिहास, मातृभाषा, सामूहिक गायन आणि सार्वजनिक प्रश्नांवरील व्याख्याने हा अभ्यासक्रमाचा गाभा होता. शेतीचे तंत्र प्रामुख्याने वेगळ्या कृषिविद्यालयांत शिकवले जाई.

लोकविद्यालये आणि दुग्धशाळा यांच्यातील कार्यकारणसंबंध किती घट्ट आहे याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, आणि ते असणे योग्यच आहे. डेन्मार्कमध्ये जमिनीच्या सुधारणा अठराव्या शतकाच्या अखेरीसच सुरू झाल्या होत्या, १८१४ पासून मुलांचे शिक्षण सक्तीचे होते आणि ब्रिटनची बाजारपेठ समुद्राच्या पलीकडेच होती. या गोष्टी नसत्या तर केवळ गाणी आणि व्याख्याने यांतून लोण्याची निर्यात झाली नसती. तरीही सहकारी दुग्धशाळेच्या व्यवहाराचा बारकाईने विचार करावा. एका सभासदाने दुधात पाणी घातले तर सर्वांच्या लोण्याची प्रत घसरते. हिशेब वाचता येणारे सभासद नसतील तर व्यवस्थापकावर अंकुश राहत नाही, आणि सभेत उभे राहून बोलण्याची सवय नसेल तर मोठ्या शेतकऱ्याचेच म्हणणे चालते. यंत्र विकत घेता येते, परंतु शेजाऱ्यावर पैशाच्या व्यवहारात विश्वास ठेवण्याची आणि त्याच्याशी भांडूनही एकत्र राहण्याची क्षमता विकत मिळत नाही. ती क्षमता लोकविद्यालयांनी वाढवली, असे मला वाटते. याहून अधिक दावा मी करणार नाही.

प्रश्न : मोठा कारखाना बंद पडला की कामगारांसाठी प्रशिक्षणाचे वर्ग निघतात. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला काही आठवड्यांचा संगणकवर्ग देऊन काय साधते? मी अशा वर्गात बसलो आहे. प्रमाणपत्र कपाटात आहे आणि काम मात्र मिळाले नाही.

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, आणि दोष आपल्या वयाचा नाही. असे बहुतेक वर्ग ‘या माणसांना काय शिकवता येईल’ या प्रश्नापासून सुरू होतात. ‘या भागात पुढील दहा वर्षांत कोण कोणते काम देणार आहे’ हा प्रश्न त्यांच्या आधी विचारला जात नाही. वर्ग संपल्यावर पुढे कोणतेही दार उघडत नसेल, तर प्रशिक्षणाचा उपयोग बेकारीचा आकडा काही काळ दुसऱ्या रकान्यात लिहिण्यापुरताच होतो.

स्वीडनमधील माल्मो या शहराचा अनुभव येथे पाहण्यासारखा आहे. कोकुम्स या गोदीवर ते शहर उभे होते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील व्यापारी जहाजांची बांधणी थांबली. गेलेल्या कारखान्याच्या जागी दुसरा कारखाना आणावा, ही पहिली सरकारी प्रतिक्रिया होती. त्याप्रमाणे साब मोटारींचा कारखाना १९८९ मध्ये सुरू झाला आणि १९९१ मध्ये बंदही पडला. त्यानंतरच्या मंदीने शहर आणखी खचले. पुढे दिशा बदलली. १९९८ मध्ये शहरात उच्चशिक्षण संस्था स्थापन झाली, तिच्या इमारती जुन्या बंदराच्या परिसरात उभ्या राहिल्या, २००० मध्ये कोपनहेगनला जोडणारा ओरेसुंद पूल खुला झाला आणि २०१८ मध्ये त्या संस्थेला पूर्ण विद्यापीठाचा दर्जा मिळाला. गोदीची ओळख असलेली अवाढव्य क्रेन तोपर्यंत विकली गेली होती आणि २००२ मध्येच ती दक्षिण कोरियातील उल्सान येथे पोहोचली होती.

ही कथा नेहमी यशाची म्हणून सांगितली जाते. तिच्यात एक गोष्ट दबून राहते. विद्यापीठाभोवती जे रोजगार निर्माण झाले ते बव्हंशी गोदीतील कामगारांसाठी नव्हते. ते त्यांच्या मुलांसाठी आणि बाहेरून आलेल्यांसाठी होते. प्रदेश सावरणे आणि त्या प्रदेशातील बेकार झालेली माणसे सावरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली साधली म्हणून दुसरी आपोआप साधत नाही, आणि धोरणपत्रांत या दोहोंची गल्लत सर्रास केली जाते.

जर्मनीतील रुहर खोऱ्याने ही गल्लत तुलनेने कमी केली, पण त्यासाठी लागलेला काळ आणि पैसा लक्षात घेतला पाहिजे. कोळसा आणि पोलाद यांच्या त्या दाट वस्तीच्या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एकही विद्यापीठ नव्हते. कोळशाचे संकट १९५८ च्या सुमारास सुरू झाले, बोखुम येथील विद्यापीठ १९६५ मध्ये उघडले आणि त्यानंतर डॉर्टमुंड, एसेन व डुइसबुर्ग येथेही उच्चशिक्षण संस्था आल्या. बोट्रॉप येथील शेवटची कोळशाची खाण मात्र २०१८ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली. म्हणजे या माघारीला साठ वर्षे लागली. या काळात सरकारी अनुदानावर खाणी हळूहळू बंद करण्यात आल्या, मोठ्या वयाच्या खाणकामगारांना लवकर निवृत्ती मिळाली, काहींना दुसऱ्या खाणीत हलवले गेले आणि तरुण कामगारांना नवे व्यवसाय शिकवले गेले. इतका धीर आणि इतका खजिना प्रत्येक सरकारकडे नसतो.

तिसरे उदाहरण आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाते. स्पेनच्या बास्क प्रदेशातील मोंद्रागोन या गावी आरिस्मेंदियारिएता या तरुण धर्मगुरूने १९४३ मध्ये एक लहानशी तंत्रशाळा सुरू केली. यादवी युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या त्या गावात कामगारांच्या मुलांना फारसे शिकता येत नव्हते. या शाळेतील काही विद्यार्थ्यांनी पुढे नोकरी सांभाळून सारागोसा येथील अभियांत्रिकीच्या परीक्षा बाहेरून दिल्या, आणि त्यांच्यापैकी पाच जणांनी १९५६ मध्ये घरगुती शेगड्या बनवणारी सहकारी संस्था काढली. आज तेथे अनेक सहकारी संस्थांचा मोठा समूह आहे, आणि त्या तंत्रशाळेतून वाढलेले विद्यापीठ १९९७ पासून कार्यरत आहे. २०१३ मध्ये या समूहातील घरगुती उपकरणांची मुख्य संस्था दिवाळखोर झाली, तेव्हा तिच्या बहुसंख्य सभासदांना समूहातील इतर संस्थांत सामावून घेण्यात आले किंवा लवकर निवृत्तीची सोय करण्यात आली. कामगाराला नवे काम शिकवले गेले, परंतु ते काम कोणत्या संस्थेत करायचे हे ठरलेले होते. आपल्या संगणकवर्गात नेमका हाच दुवा नव्हता. तरीही भाबडेपणा नको. दिवाळखोर संस्थेत ज्यांनी आपली बचत गुंतवली होती त्यांचे नुकसान झालेच, आणि सभासद नसलेल्या कंत्राटी कामगारांना तेवढे संरक्षण मिळाले नाही.

प्रश्न : माणसे शिकली की प्रदेश सोडून जातात. मग मागास भागात शिक्षणावर खर्च करणे म्हणजे संपन्न शहरांसाठी मनुष्यबळ तयार करून देणे नव्हे काय?

उत्तर : शिक्षण केवळ विशीच्या आतील मुलांना द्यायचे असेल तर आपली भीती बऱ्याच अंशी खरी आहे. मूल शिकते, त्याच्या शिक्षणाला साजेसे काम जवळपास नसते आणि ते जाते. त्याने जाऊ नये असे म्हणण्याचा अधिकारही कोणाला नाही.

प्रौढांच्या शिक्षणाच्या बाजूने असलेला सर्वांत भक्कम युक्तिवाद नेमका येथे आहे, आणि तो फारसा मांडला जात नाही. पस्तिशी ओलांडलेल्या माणसाचे घर, जमीन, म्हातारे आईवडील, मुलांची शाळा आणि अनेक वर्षांच्या ओळखी त्याच प्रदेशात असतात. तो नवे काही शिकला तर ते ज्ञान तेथेच वापरण्याची शक्यता विशीतल्या तरुणापेक्षा कितीतरी अधिक असते. असे असूनही बहुतेक देशांत सार्वजनिक शिक्षणखर्चाचा मोठा भाग वयाच्या पंचविशीपूर्वीच संपतो. हा खर्च कमी करावा असे मी म्हणत नाही, परंतु प्रदेशाच्या विकासासाठी म्हणून जो निधी वेगळा काढला जातो, त्यात या स्थिर वयोगटाचा विचार आधी झाला पाहिजे.

दुसरा मार्ग म्हणजे शिक्षणसंस्थाच अशा ठिकाणी नेणे की जेथे येण्यासाठी लोकांना काही कारण मिळेल. स्कॉटलंडच्या स्काय बेटावर, स्लेट या विरळ वस्तीच्या भागात, १९७३ मध्ये एका जुन्या शेतावरील इमारतींत गेलिक भाषेचे महाविद्यालय सुरू झाले. ज्या भाषेला शतकानुशतके गरिबीची खूण समजले गेले, तीच शिकण्यासाठी प्रौढ विद्यार्थी बाहेरून येऊ लागले, त्यांतील काही तेथेच स्थायिक झाले आणि महाविद्यालयाभोवती प्रसारमाध्यमे, संगीत आणि भाषांतर यांतील कामे वाढली. पुढे हे महाविद्यालय उत्तर स्कॉटलंडमधील डोंगराळ प्रदेश आणि बेटे येथील विखुरलेल्या महाविद्यालयांच्या संघात सामील झाले, आणि त्या संघाला २०११ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. बेटावर राहणाऱ्या माणसाला पदवीसाठी बेट सोडावे लागू नये, हा त्या विद्यापीठाच्या रचनेचा मूळ हेतू आहे. अर्थात तेथेही राहण्यासाठी परवडणाऱ्या घरांची टंचाई हा प्रश्न शिक्षणाने सुटलेला नाही. घर मिळाले नाही तर पदवी घरबसल्या मिळूनही माणूस जातो.

प्रश्न : मी निवृत्त आहे. वयाच्या सत्तरीत मी इतिहास किंवा एखादी नवी भाषा शिकलो तर मला आनंद मिळेल, परंतु त्याने प्रदेशाचा विकास कसा होणार? हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय नाही काय?

उत्तर : प्रत्येक शिकण्याचा प्रदेशाला उपयोग झालाच पाहिजे असे नाही. आनंदासाठी शिकणाऱ्याने त्याचे समर्थन देण्याचे कारण नाही. तरी आपण विचारले आहे म्हणून सांगतो. १९७३ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे ज्येष्ठांसाठी पहिले ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ सुरू झाले. तेथे विद्यापीठातील प्राध्यापक शिकवत असत. १९८१ नंतर ब्रिटनमध्ये याच कल्पनेला वेगळे वळण मिळाले. तेथे सभासदच एकमेकांना शिकवतात, पदवीची अट नसते, आणि त्यामुळे सार्वजनिक पैसा फारसा लागत नाही. निवृत्त अभियंते, परिचारिका, हिशेबनीस आणि शिक्षक असे एकत्र बसतात तेव्हा प्रदेशाला विनामोबदला उपलब्ध असलेल्या कौशल्याची एक यादीच तयार होते, आणि शहाणे स्थानिक प्रशासन तिचा उपयोग करून घेते.

प्रश्न : सरकारने प्रत्येक नागरिकाच्या नावे शिक्षणाचे खाते उघडून त्यात पैसे जमा करावेत आणि कोणी काय शिकायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. ही पद्धत काही देशांत आहे असे वाचले. ती सर्वांत न्याय्य नाही काय?

उत्तर : अशी पद्धत काही देशांत आहे. सिंगापूरने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या योजनेत २५ वर्षे आणि त्यापुढील वयाच्या नागरिकांना ५०० सिंगापूर डॉलरची पत दिली, आणि २०२४ मध्ये ४० वर्षे व त्यापुढील नागरिकांसाठी आणखी ४,००० डॉलरची भर घातली. फ्रान्समध्ये २०१५ पासून असे वैयक्तिक खाते आहे. २०१९ पासून त्याची मोजणी तासांऐवजी युरोत होते आणि कमी शिक्षण असलेल्यांच्या खात्यात दरवर्षी अधिक रक्कम जमा होते. पैसा माणसाच्या हाती असल्याने नोकरी सुटली तरी हक्क सुटत नाही, हा या पद्धतीचा खरा गुण आहे.

न्यायाचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. प्रौढ शिक्षणाविषयी देशोदेशी झालेल्या पाहण्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : जो आधीच अधिक शिकलेला आहे, तोच पुढेही अधिक शिकतो. ज्याला शाळेत नापासाचा शिक्का मिळाला, तो खात्यात पैसे असले तरी वर्गाकडे फिरकत नाही. त्याला माहिती नसते, वेळ नसतो आणि पुन्हा अपमान होईल ही भीती असते. मोकळ्या बाजारात त्याच्याभोवती लबाड लोकही गोळा होतात. फ्रान्समध्ये फोन करून खात्यातील पैसे काढून घेण्याचे प्रकार इतके वाढले की २०२२ च्या अखेरीस अशा विनवण्यांवर कायद्याने बंदी घालावी लागली.

प्रदेशाच्या दृष्टीने आणखी एक अडचण आहे. वैयक्तिक खाते माणसाला हवे ते देते, परंतु हजार माणसांनी हजार वेगवेगळ्या गोष्टी शिकल्या तर त्यांतून दुग्धशाळा उभी राहत नाही. आणि दूरवरच्या भागात जवळपास वर्गच नसेल, तर खात्यातील रक्कम कागदावरच राहते. युरोपीय संघाने २०३० पर्यंत दरवर्षी किमान ६० टक्के प्रौढांनी कोणत्या ना कोणत्या प्रशिक्षणात भाग घ्यावा असे उद्दिष्ट ठेवले आहे. ही सरासरी राजधान्यांतील कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या जोरावरही गाठता येईल, आणि मागास पट्टे होते तेथेच राहतील. म्हणून खाते असावे, पण त्याच्या जोडीला प्रदेशातील संस्थांना थेट निधी आणि घरोघरी जाऊन माणसांशी बोलणारे मार्गदर्शक असावेत.

प्रश्न : ‘शिकणारे शहर’ अशी पदवी युनेस्को देते. ती केवळ मिरवण्यासाठी असते काय?

उत्तर : काही शहरांच्या बाबतीत तसेच असावे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. ही कल्पना युनेस्कोच्या आधीची आहे. जपानमधील काकेगावा शहराने १९७९ मध्येच स्वतःला आजीवन शिक्षणाचे शहर म्हणून घोषित केले होते, आणि दक्षिण कोरियातील ग्वांगम्योंग शहराने तसेच १९९९ मध्ये केले. त्याच वर्षी तेथे आजीवन शिक्षणाचा कायदा झाला. युनेस्कोने २०१३ मध्ये बीजिंग येथे पहिली जागतिक परिषद घेतली आणि पुढे शहरांचे जाळे विणले. भारतातील वरंगळ, त्रिशूर आणि निलंबूर ही शहरे २०२२ मध्ये त्यात आली.

या सदस्यत्वाबरोबर मोठा निधी येत नाही. इतर शहरांचा अनुभव कळतो आणि महापौरांना परिषदांना जाता येते, एवढेच. कोरियातील अनुभव पाहता पाटीपेक्षा तिच्या मागे उभा केलेला कायदा, अंदाजपत्रकातील तरतूद आणि प्रशिक्षित पूर्णवेळ कर्मचारी या गोष्टी अधिक महत्त्वाच्या ठरतात. जपानमधील कोमिनकान, म्हणजे वस्तीतील सार्वजनिक शिक्षणगृहे, दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ पासून उभारली गेली आणि १९४९ च्या कायद्याने त्यांना आधार मिळाला. तेथे पाककला, सुलेखन, पूरनियंत्रण आणि नगरपालिकेचे अंदाजपत्रक हे सर्व विषय एकाच छताखाली येतात. त्यांना कोणी शिकणाऱ्या शहराची पदवी दिली नव्हती.

प्रश्न : आम्ही पंधरावीस जण आहोत. काही शेती करतो, काही लहान व्यवसाय, दोघी शिक्षिका आहेत. सरकारी योजनेची वाट न पाहता काही सुरू करायचे असेल तर कोठून करावे?

उत्तर : पंधरावीस ही संख्या उत्तम आहे. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील अँटिगोनिश चळवळीतील गट बहुधा याहूनही लहान होते. १९२० च्या दशकात तेथील मच्छीमार आणि अल्पभूधारक शेतकरी कर्जात बुडालेले होते, मासळीचा भाव व्यापारी ठरवत आणि तरुण माणसे अमेरिकेत निघून जात होती. सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाने १९२८ मध्ये विस्तार विभाग स्थापन केला आणि मोझेस कोडी या प्राध्यापक धर्मगुरूला त्याचा प्रमुख केले.

त्यांची पद्धत आजही उपयोगी पडेल. आधी गावात मोठी सभा होई आणि त्या सभेत ‘तुमच्या मासळीला गोदीवर किती भाव मिळतो आणि शहरात ती किती भावाने विकली जाते’ अशा स्वरूपाचा प्रश्न उभा केला जाई. मग लोकांना लहान अभ्यासगटांत विभागले जाई. हे गट कोणाच्या तरी घरी, बहुधा स्वयंपाकघरात, दर आठवड्याला जमत. वाचता येणारा मोठ्याने वाची, इतर ऐकत आणि चर्चा करत. विद्यापीठ पत्रके, पुस्तके आणि सल्ला पुरवी, शिकवण्यासाठी रोज कोणी येत नसे. काही महिन्यांनी गटाने अभ्यासातून एखादा व्यवहार सुरू करावा अशी अपेक्षा असे. बऱ्याच ठिकाणी पहिला व्यवहार पतसंस्थेचा होता. प्रांतात त्यासंबंधीचा कायदा १९३२ मध्ये झाला. त्यानंतर कोळंबीसारख्या शेवंड्यांवर प्रक्रिया करणारे सहकारी कारखाने, मासळीची एकत्रित विक्री, सहकारी दुकाने अशी वाटचाल झाली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासगटांची संख्या हजाराच्या वर गेली होती.

आपल्यासाठी यातून निघणाऱ्या सूचना मी थोडक्यात सांगतो. विषय निवडताना आपल्या सर्वांचा पैसा ज्या ठिकाणी गळतो तेथून सुरुवात करावी : खते, वाहतूक, व्याज, वीज, अडत, यांपैकी काहीही. पहिले दोन महिने केवळ त्याचे आकडे गोळा करावेत. प्रत्येकाने आपले खरे आकडे सांगितले पाहिजेत, आणि हेच सर्वांत अवघड असते, कारण उत्पन्न आणि कर्ज शेजाऱ्यासमोर उघड करायला कोणी तयार नसते. दोघी शिक्षिकांनी शिकवू नये, त्यांनी टिपणे ठेवावीत आणि मागील बैठकीत काय ठरले याची आठवण द्यावी. जवळच्या महाविद्यालयातील किंवा कृषिविद्यापीठातील एखाद्या जाणकाराला दर महिन्याला न बोलावता, गटाला स्वतःहून न सुटलेले प्रश्न साठले की मगच बोलवावे.

वर्षअखेरीस हजेरी किती झाली हे मोजू नका. कोणत्या सभासदाचा कोणता खर्च कमी झाला किंवा कोणता व्यवहार एकत्र करता आला, ते लिहून ठेवा. काहीच झाले नसेल तर विषय बदलावा किंवा गट सहा महिने थांबवावा. आणि पैशाचा व्यवहार सुरू होताच हिशेब तपासण्यासाठी गटाबाहेरचा माणूस नेमावा. अँटिगोनिशमधील सर्व संस्था टिकल्या नाहीत. युद्धानंतर अनेक सहकारी कारखाने मोठ्या कंपन्यांपुढे मागे पडले, पतसंस्था मात्र त्या प्रांतात आजही चालतात. त्यामुळे पहिला व्यवहार बचतीचा ठेवावा की उत्पादनाचा, असा पेच पडला तर मी बचतीच्या बाजूने मत देईन.